गाजर गवत : उपटायचे कोणी आणि केव्हा?

आम्ही बँकेत कारकून आहोत. शिक्षण कला शाखेचे. वनस्पतिशास्त्राशी आमचा संबंध शाळेच्या वहीत काढलेल्या जास्वंदीच्या आकृतीपुरता. तेव्हा गाजर गवतावर लिहिण्याचा आमचा अधिकार काय, असा प्रश्न वाचकांना पडणे साहजिक आहे. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा आम्हालाही तो पडला होता. उत्तर आमच्या काउंटरवरच मिळाले.

निराधार योजनेचे पैसे काढण्यासाठी आमच्या शाखेत एक मावशी येतात. सारा जन्म दुसऱ्याच्या शेतात खुरपणी करण्यात गेलेला. तीन वर्षांपूर्वी एके दिवशी त्यांचा अंगठा यंत्रावर उमटेना. उजवा झाला, डावा झाला, एकेक करून दहाही बोटे लावून पाहिली. कातडी जाड होऊन फुटली होती, भेगांत रक्त वाळले होते. मानेवर, पापण्यांवर, कोपराच्या खोबणीत काळपट चट्टे होते. आम्ही विचारले, "मावशी, हे काय?" त्या म्हणाल्या, "गवतानं केलंय बघा, साहेब. पांढऱ्या फुलाच्या." त्या दिवशी दुसऱ्या रीतीने ओळख पटवून पैसे दिले गेले. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी त्वचारोगतज्ज्ञांनी तपासले आणि गाजर गवताचीच ॲलर्जी असल्याचे सांगितले. आयुष्यभर तण काढणाऱ्या बाईच्या हाताची ओळखच तणाने पुसून टाकावी, ही गोष्ट आमच्या मनातून जाईना. म्हणून या विषयाची माहिती जमवली, मंडळाच्या कार्यकर्त्यांसह चार कामे केली, काही चुकाही केल्या. ते सारे येथे मांडत आहोत.

परके म्हणून वाईट नव्हे

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. बाहेरच्या देशातून आलेली प्रत्येक वनस्पती वाईट असते असे नाही. आपली मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, भुईमूग, पेरू, सीताफळ ही सारी मुळात अमेरिका खंडातली. ती आली, आपल्या शेतात आणि ताटात रुजली, आणि आपलीच झाली. त्यांच्यावाचून आपले एक दिवस भागणार नाही.

तज्ज्ञ ज्यांना आक्रमक प्रजाती म्हणतात त्यांचे लक्षण वेगळे. त्या कोणी न लावता पसरतात, भराभर वाढतात, आणि येथील झाडे, पिके, जनावरे व माणसे यांचे नुकसान करतात. त्यांच्या मूळ देशात त्यांना खाणारे किडे आणि रोग असतात. त्या देशांतर करतात तेव्हा हे शत्रू मागेच राहतात, आणि नव्या मुलखात त्यांना आवर घालणारे कोणी नसते. आयपीबीईएस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंचाने २०२३ साली यासंबंधी अहवाल प्रसिद्ध केला. माणसाच्या हालचालींमुळे जगभर ३७,००० हून अधिक प्रजाती आपले मूळ स्थान सोडून दुसरीकडे पोहोचल्या आणि त्यांपैकी ३,५०० हून अधिक हानिकारक ठरल्या, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे आलेल्यांपैकी बहुतेक निरुपद्रवी. घातक ठरतात त्या थोड्या. पण त्या थोड्याच पुरेशा आहेत.

पुण्यातून गावोगाव

गाजर गवत हे मूळचे मेक्सिको व त्याच्या आसपासच्या प्रदेशातले. सूर्यफुलाच्या कुळातील ही वनस्पती. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. पाने गाजराच्या पाल्यासारखी, म्हणून गाजर गवत. पांढऱ्या टोपीसारखी बारीक फुले, म्हणून काँग्रेस गवत. कोठे पांढरफुली म्हणतात, तर कोठे चटक चांदणी. नावे गोड, पण गुण तसे नाहीत.

आपल्या देशात या गवताने वैज्ञानिकांचे लक्ष वेधले ते १९५५-५६ च्या सुमारास आणि तेही आपल्या पुण्यात. अमेरिकेतून आयात झालेल्या गव्हाबरोबर ते आले, असे सर्वत्र सांगितले जाते. ज्या 'पी. एल. ४८०' योजनेचे नाव यात घेतात त्या योजनेखालील भारताचा करार ऑगस्ट १९५६ मधला; मात्र अमेरिकन गहू त्याआधी १९५१ सालीही आला होता. नेमके कोणत्या पोत्यातून हे बी उतरले हे आज सिद्ध करता येणार नाही. पण पुण्यानंतर ते महाराष्ट्रभर आणि पुढे देशभर पसरले, हे आपण सर्वजण डोळ्यांनी पाहतोच आहोत. १९७० च्या दशकात पुण्यातील डॉक्टरांनी या गवतामुळे होणाऱ्या त्वचारोगाची नोंद केली. कर्नाटक राज्याने १९७५ साली त्याला कायद्याने घातक तण ठरवले.

चक्रवाढ व्याज

हे गवत एवढे कसे पसरते, हे आम्हाला बँकेच्या भाषेत चटकन समजले. एक चांगले वाढलेले झाड १५,००० ते २५,००० बिया देते. बी मोहरीहून बारीक. आपण कमीत कमी आकडा धरू, आणि शंभरातले एकच बी रुजले असे मानू. तरी एका झाडाची १५० झाडे झाली. त्या दीडशेंनी प्रत्येकी पुन्हा दीडशे दिली, की २२,५०० झाली. उगवल्यापासून साधारण महिना-दीड महिन्यात झाड फुलावर येते, आणि ओलावा असेल तर वर्षात अनेक पिढ्या होतात. हे चक्रवाढ व्याज नव्हे तर काय?

शिवाय सगळे बी एकदम उगवत नाही. मातीत गाडले गेलेले बी काही वर्षे जिवंत राहते. ही जमिनीतली मुदत ठेव. वरची झाडे आपण उपटली तरी ठेव शिल्लक असते, आणि पाऊस पडला की ती मोडून नवे पीक उभे राहते. म्हणूनच "एकदा सगळे उपटले होते, तरी पुन्हा आलेच" अशी तक्रार ऐकू येते. ते येणारच. ठेव संपेपर्यंत दर वर्षी, नवे बी पडू न देता, काम चालू ठेवणे हाच उपाय आहे.

अंगावर काय उमटते

या गवतात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. ते शेजारच्या रोपांची उगवण व वाढ रोखते. म्हणून जेथे हे दाटते तेथे चाऱ्याचे गवत उरत नाही. जनावरे सहसा याला तोंड लावत नाहीत; पण उपाशी जनावराने खाल्ले तर त्याला त्रास होतो आणि दुधाला कडवट चव येते.

माणसांत काहींना वरचेवर संपर्क आल्यावर त्वचेची ॲलर्जी होते. खाज सुटते, कातडी लाल होते, पुढे जाड आणि काळी पडते. गवताचे सुके कण हवेतून उडत असल्याने, हात न लावताही चेहरा, मान व पापण्या यांवर त्रास उमटतो. परागकणांमुळे शिंका, सर्दी व दमा बळावतो. सर्वांनाच असे होते असे नाही, आणि पहिल्याच दिवशी होते असेही नाही. म्हणून "मी इतकी वर्षं उपटतोय, मला काही होत नाही" या फुशारकीत अर्थ नसतो. आणि हे सर्वाधिक कोणाच्या वाट्याला येते? ज्यांचे पोट खुरप्यावर आहे त्यांच्या. बांधावर उभ्या राहणाऱ्याच्या नव्हे, वाकून तण काढणाऱ्या बाईच्या. चट्टे दिसताच डॉक्टरांना दाखवावे. घरगुती लेप लावण्यात महिने घालवू नयेत.

आमची पहिली चूक

पहिल्या वर्षी आम्ही मोठ्या उत्साहाने कामाला लागलो. धम्मचक्र प्रवर्तन दिन जवळ आला होता. विहाराचे आवार आणि रस्त्यापर्यंतच्या दोन्ही बाजू पांढऱ्या फुलांनी भरल्या होत्या. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी तीस-चाळीस तरुण जमले. उघड्या हातांनी दिवसभर गवत उपटले, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरले आणि गावाबाहेर नाल्याच्या काठी नेऊन टाकले. आवार स्वच्छ दिसू लागले. छायाचित्रेही काढली.

त्या रात्री आठ मुलांचे हात खाजेने लाल झाले. खरी चूक मात्र पुढच्या पावसाळ्यात दिसली. ट्रॉली ज्या रस्त्याने गेली त्या रस्त्याच्या दोन्ही कडा हिरव्या झाल्या, आणि नाल्याचा काठ, जेथे आधी तुरळक झाडे होती, तो पार दूरपर्यंत या गवताने भरला. ऑक्टोबरात झाडे बियांवर आली होती. आम्ही गवत काढले नव्हते. ट्रॉलीतून त्याची पेरणी केली होती, आणि उरलेले बी नाल्याच्या पाण्यावर सोपवले होते.

तेव्हा पहिला धडा हा, की गाजर गवत फुलण्याआधी उपटायचे. फुलल्यावर उपटणे हे निम्मे काम आणि दुप्पट धोका.

उपटायचे कोणी?

दुसऱ्या वर्षी आम्ही ठरवले, की या वेळी पावसाळ्याच्या सुरुवातीलाच काम करू, आणि आवारापुरते न थांबता शाळा, बाजारतळ व नाल्याचा काठही घेऊ. बैठकीत हे मांडताच वस्तीतील एक वृद्ध उठले. म्हणाले, "आपल्या बापजाद्यांनी गावची मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. त्यापायी मार खाल्ला, बहिष्कार सोसला. आता गावचा उकिरडा उपसायला तुम्ही हौसेनं निघालात? गावाला पुन्हा सवय लागेल."

बैठक शांत झाली. आम्हाला लगेच उत्तर सुचले नाही, आणि खरे सांगायचे तर त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. श्रमदान हा शब्द चांगला; पण दान देणारे नेहमी तेच आणि घेणारे नेहमी तेच असतील, तर ते दान राहत नाही, जुनी वेठच नव्या नावाने येते. त्या रात्री बराच वेळ चर्चा झाली. शेवटी ठरले ते असे : आपले आवार आणि आपल्या गल्ल्या आपण करायच्या. शाळा, बाजारतळ, रस्ता व नाला हे सर्वांचे आहेत. तेथे सर्वांनीच यायचे. प्रत्येक आळीचा भाग ठरवून घ्यायचा. आपण त्यांच्या बरोबरीने जायचे, त्यांच्या बदली नाही.

ही गोष्ट केवळ मानापमानाची नाही, शास्त्राचीही आहे. गवत हद्द पाळत नाही. एका आळीने साफ केले आणि शेजारच्या आळीने तसेच ठेवले, तर चाकांना, खुरांना आणि पाण्याला चिकटून बी परत येते. शंभर घरांपैकी नव्वद घरांनी काम केले आणि दहांनी टाळले, तर ती दहा घरे पुढच्या वर्षी नव्वदांना पुरेल एवढे बी देतात. म्हणजे सर्वांनी येणे ही सौजन्याची बाब नसून कामाची अटच आहे.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आम्ही हा विषय मांडला. जबलपूर येथील तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने दर वर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजर गवत जागृती सप्ताह पाळला जातो, त्याचा दाखला दिला. काहीजण हसले. एकाने तर विचारले, "तुमची पोरं किती घेतील?" आम्ही म्हणालो, "आमची पोरं त्यांचा भाग करतील. तुमच्या आळीचा नकाशा हा घ्या." शाळेच्या मुख्याध्यापकांनी पाठिंबा दिला, महिला बचत गटांनी दोन आळ्या घेतल्या, आणि ठराव झाला. त्या वर्षी पाचपैकी तीन आळ्या आल्या. पुढच्या वर्षी चार.

काम कसे करावे

अनुभवाने आणि कृषी सहायकांच्या सल्ल्याने आमचे जे वेळापत्रक बसले ते असे.

एप्रिल-मे महिन्यांत, पावसाआधी, मोकळ्या जागी टाकळ्याचे (तरोट्याचे) बी फेकावे. टाकळा दाट उगवतो आणि गाजर गवताला जागा ठेवत नाही. कोवळ्या पाल्याची भाजीही होते. हे बी आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, शेंगा वाळल्यावर गोळा करून ठेवावे लागते. घरांच्या कडेने झेंडू लावल्यासही उपयोग होतो.

पहिला पाऊस होऊन दोन-तीन आठवडे झाले, की पहिली उपटणी. तेव्हा रोप जमिनीला चिकटून गोल पसरलेले असते आणि ओल्या मातीतून मुळासकट निघते. विळ्याने वरवर कापू नये. बुडख्यातून पुन्हा फुटवे येतात. आपल्याकडे आषाढ पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात रोज संध्याकाळी माणसे जमतात. तोच काळ या तणाच्या वाढीचा. जमलेल्यांतूनच दर रविवारच्या सकाळची यादी होते. वेगळे आमंत्रण लागत नाही. दर तीन आठवड्यांनी त्याच जागी पुन्हा फिरावे, कारण मागाहून उगवलेली रोपे असतातच.

हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि नाकातोंडावर रुमाल याशिवाय कोणालाही हात लावू देऊ नये. हातमोजे नसतील तर हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधाव्यात. दमा किंवा त्वचेचा त्रास असणाऱ्यांनी आणि लहान मुलांनी उपटणीला येऊ नये. त्यांना यादी करणे, पाणी देणे ही कामे द्यावीत. काम झाल्यावर साबणाने हातपाय धुवावेत व कपडे वेगळे धुवावेत.

फुलण्याआधी उपटलेल्या गवताचे खड्ड्यात शेणकाल्याबरोबर चांगले खत होते. फुलावर आलेले झाड खतात कधीही घालू नये. ते उपटावेच लागले तर आधी फुलोऱ्यावर पिशवी घालावी, मग उपटावे, तेथेच बांधून वाळवावे आणि वस्तीपासून दूर खड्ड्यात जाळावे. ट्रॉलीत उघडे भरून नेऊ नये, हे आमच्या अनुभवावरून सांगतो. तणनाशकाची फवारणी कृषी खात्याच्या सल्ल्यावाचून करू नये. विहिरीजवळ तर मुळीच नको.

निसर्गाचीही थोडी मदत आहे. या गवताची पाने खाणारा मेक्सिकन भुंगा १९८३ साली बंगळूरला आणला गेला, आणि तपासणीनंतर १९८४ साली सोडण्यात आला. पिवळसर पांढऱ्या पाठीवर गडद रेघा असलेला हा लहानसा भुंगा पावसाळ्यात पानांची चाळण करून टाकतो. थंडी-उन्हाळ्यात तो जमिनीत दडून बसतो, म्हणून सारे त्याच्यावर सोडता येत नाही. पण दिसला तर कीड समजून मारू नये.

मुळात येऊच न देणे

उपटण्याहून स्वस्त उपाय म्हणजे बी येऊच न देणे. बी कशातून येते याची यादी आम्ही विहाराच्या फलकावर लावली आहे : बाहेरून आणलेला मुरूम व माती, विकत घेतलेला चारा, शेणखत, रोपवाटिकेतील पिशव्या, आणि गावोगाव फिरणारी मळणी यंत्रे व हार्वेस्टर. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात याच गवताच्या भीतीने वाहने व यंत्रे धुण्याची खास ठिकाणे केलेली आहेत. आपल्याला तेवढे नको. यंत्र शेतात शिरण्यापूर्वी बांधावर झटकून व झाडून घ्यावे, एवढे सांगण्याचा हक्क प्रत्येक शेतकऱ्याला आहे. बांधकामासाठी आणलेल्या मातीच्या ढिगावर पावसाळ्यात नजर ठेवावी. नवीन जागी एकच झाड दिसले तर त्याच दिवशी काढावे. मुद्दल एक झाड असते तेव्हा कर्ज फेडणे सोपे असते.

हाच नियम इतर आगंतुकांनाही लागू आहे. नद्या-तलाव झाकून टाकणारी जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली, आणि शोभेचे रोप म्हणून जगभर नेली गेली. रानांत माजलेली घाणेरीही बागेतूनच बाहेर पडली. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी २०१८ साली कर्नाटकात दिसली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. घरच्या टाकीतील शोभेची झाडे किंवा मासे ओढ्यात सोडू नयेत, एवढी काळजी तर प्रत्येक घर घेऊ शकते.

आजची स्थिती

आमच्या यशाचा गवगवा करण्यासारखे काही नाही. विहाराचे आवार आणि शाळेचे मैदान आज जवळजवळ मोकळे आहे. नाल्याचा काठ अजून भरलेला आहे. त्यातले निम्मे आमच्याच ट्रॉलीचे देणे आहे आणि ते आम्हालाच फेडावे लागेल. पाचवी आळी अद्याप आलेली नाही. तिच्याकडे आम्ही दर वर्षी जातो, याही ऑगस्टात जाऊ. ते वृद्ध गृहस्थ आता उपटणीच्या रविवारी खुर्ची टाकून बसतात आणि कोणत्या आळीतून किती माणसे आली ते वहीत लिहितात. वही त्यांच्याकडेच असते, ग्रामपंचायतीलाही ते ती दाखवतात.

मावशींनी खुरपणी सोडली आहे. औषधाने चट्टे कमी झाले आहेत. गेल्या महिन्यात त्यांचा डावा अंगठा यंत्रावर उमटला. उजवा अजून उमटत नाही.

वाचक बंधु-भगिनींनो, येत्या पावसाळ्यात पहिल्या पावसानंतर तिसऱ्या आठवड्यात आपल्या दाराभोवती एकदा नजर टाका. गाजराच्या पाल्यासारखे रोप दिसेल. ते फुललेले नसेल. हातमोजे घाला, मुळासकट काढा, आणि शेजाऱ्याचे दार वाजवा, एवढीच नम्र विनंती.